ॲनेस्थेशियाचा थीसिस खरा कसा करायचा: विषयापासून रॉ डेटापर्यंत, सोलापूरच्या रेसिडेंटसाठी सविस्तर

सिनॉप्सिसची (थीसिसच्या आराखड्याची) तारीख जवळ आली की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. सीनिअरचा जुना सिनॉप्सिस पेनड्राइव्हवर घ्यायचा, बुपिव्हाकेन या भुलीच्या औषधासोबत दिलं जाणारं दुसरं औषध बदलायचं, पेशंटची संख्या तीच ठेवायची आणि गाइडची सही घ्यायची. मग पुढची दोन वर्षं इमर्जन्सी सिझर, ट्रॉमा, आयसीयू ड्युटी यात जातात, डेटा मागे पडतो आणि सबमिशनच्या तोंडावर एक्सेल शीट "भरायला" बसतात. खोटेपणा इथेच सुरू होतो. असं करणारी मुलं वाईट असतात असं मला अजिबात वाटत नाही, पण सुरुवातीला ज्या गोष्टी ठरवून लिहून ठेवायला हव्या होत्या त्या ठरवलेल्याच नसतात, त्यामुळे शेवटी त्यांच्याकडे दुसरा रस्ता उरत नाही. म्हणून कुठल्या टप्प्यावर नेमकं काय करायचं ते सविस्तर लिहितोय.

आपल्या शाखेला या बाबतीत जगात फार वाईट नाव आहे, ते आधी माहीत असू दे. जपानचे योशिताका फुजी ग्रॅनिसेट्रॉन हे उलट्या थांबवणारं औषध आणि ऑपरेशननंतरच्या उलट्या यावर पेपरमागून पेपर काढत होते. २००० सालीच काही डॉक्टरांनी जर्नलला पत्र लिहून सांगितलं होतं की यांचे आकडे अविश्वसनीय वाटावेत इतके छान आहेत, तरी १२ वर्षं काही झालं नाही, आणि २०१२ मध्ये जपानच्या ॲनेस्थेशिया सोसायटीने चौकशी केली तेव्हा १७२ पेपरमध्ये बनावट डेटा सापडला. अमेरिकेचे स्कॉट रूबेन, पोस्टऑप पेनवर काम करायचे, २००९ मध्ये त्यांचे २१ पेपर बनावट निघाले आणि पुढे त्यांना तुरुंगवास झाला. पण सगळ्यात गंभीर मला जर्मनीच्या योआखिम बोल्ट यांचं प्रकरण वाटतं. ते हायड्रॉक्सीइथाइल स्टार्चच्या (शिरेतून चढवायच्या एका द्रवाच्या) बाजूने लिहायचे. त्यांचे पेपर मागे घेतले गेल्यावर २०१३ मध्ये सगळ्या ट्रायल्सचा (पेशंटवर घेतलेल्या चाचण्यांचा) एकत्र हिशोब त्यांच्या ट्रायल्स वगळून पुन्हा केला, तर स्टार्च दिलेल्या क्रिटिकल पेशंटमध्ये मृत्यू आणि किडनी खराब होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. तोवर जगभरातल्या आयसीयूत ती बाटली चढत होतीच. आपल्या थीसिसचा पेपर झाला की तोही उद्या कुणाच्या तरी अशा हिशोबात जाणार आहे, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

विषय: औषधाच्या आधी प्रश्न

"फेंटानिल विरुद्ध डेक्समेडिटोमिडीन, स्पायनलमध्ये" (स्पायनल म्हणजे कमरेतल्या इंजेक्शनने दिलेली भूल, ही दोन त्यात घालायची जादा औषधं) यावर इतके थीसिस झालेत की नवीन काही निघणं अवघड आहे. त्यापेक्षा आपल्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) रोज काय खटकतं ते बघा. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, पेशंट रात्री दहापासून उपाशी, आणि लिस्ट लांबली की दुपारी दोनला टेबलवर येतो. गाइडलाइन तर सांगते की साधं पाणी दोन तास आधीपर्यंत आणि हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत चालतं. मग आपल्याकडे पेशंट खरोखर किती तास पाण्याशिवाय राहतो आणि त्याचा स्पायनलनंतरच्या हायपोटेन्शनशी (बीपी उतरण्याशी) काही संबंध दिसतो का? याला कुठलंही महागडं औषध लागत नाही, घड्याळ, पीएसीचा (ऑपरेशनआधीच्या भूल-तपासणीचा) कागद आणि मॉनिटर एवढ्यावर काम होतं. तसंच विडी कामगार बायका, पॉवरलूमवर काम करणारे, मिश्री लावणारे पेशंट आपल्याकडे जेवढे येतात तेवढे पुण्या-मुंबईच्या मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात येत नसतील, त्यांच्या श्वसनाचे प्रश्न हा इथला विषय आहे. ऑब्झर्व्हेशनल स्टडी, म्हणजे उपचार न बदलता नुसतं बघून नोंदी करणारा अभ्यास, कमी दर्जाचा असतो हा समज काढून टाका. नीट केलेली ऑब्झर्व्हेशनल स्टडी ही घाईत भरलेल्या ट्रायलपेक्षा कधीही चांगली.

ट्रायलच करायची असेल तर प्रायमरी आउटकम (ज्यावर निकाल ठरणार ते मुख्य मोजमाप) एकच ठेवा आणि त्याची व्याख्या लिहा. नुसतं "हायपोटेन्शन" लिहून भागत नाही, बेसलाइनपेक्षा (भुलीआधीच्या बीपीपेक्षा) २० टक्क्यांनी कमी की सिस्टोलिक (वरचं बीपी) ९० च्या खाली, बेसलाइन कुठली धरणार, वॉर्डमधली की टेबलवरची, किती मिनिटांपर्यंत बघणार, हे सगळं सिनॉप्सिसमध्येच हवं. नंतर आकडे बघून व्याख्या बदलणं हासुद्धा खोटेपणाच आहे, फक्त तो लवकर दिसत नाही.

किती पेशंट घ्यायचे

"प्रत्येक ग्रुपमध्ये ३०, कारण सगळे तेवढेच घेतात" हे उत्तर नाही. दोन ग्रुपच्या सरासरीची तुलना असेल तर एक सोपा हिशोब पाठ करा, ८० टक्के पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के अल्फासाठी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आधी एसडी भागिले फरक, मग त्याचा वर्ग, आणि तो गुणिले १६ म्हणजे साधारण एका ग्रुपची संख्या. एसडी म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते माप. समजा पहिलं रेस्क्यू ॲनाल्जेसिक (दुखायला लागल्यावर द्यायचं पेनकिलर) लागेपर्यंतच्या वेळेचा एसडी जुन्या अभ्यासात ४० मिनिटं आहे आणि ३० मिनिटांचा फरक पडला तरच तो पेशंटच्या कामाचा असं तुम्हाला वाटतं, तर ४० भागिले ३० म्हणजे १.३३, त्याचा वर्ग १.७८, गुणिले १६ म्हणजे साडेअठ्ठावीस, म्हणजे २९. काही पेशंट गळतील, कुणाचं स्पायनल फेल जाऊन जीए (पूर्ण भूल) द्यावं लागेल, म्हणून ३२-३३ घ्या. यातला ३० मिनिटांचा आकडा कुठून आला हे व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारतात, आणि त्याचं उत्तर तुमच्या क्लिनिकल समजेतून यायला हवं. स्टॅटिस्टिशियनकडे डेटा गोळा झाल्यावर जाण्यात काही अर्थ नाही, आधी जा.

एथिक्स कमिटी आणि सीटीआरआय

रूबेन यांचं प्रकरण कसं उघडकीस आलं माहितीय का? त्यांच्या दोन ॲबस्ट्रॅक्टना (संशोधनाच्या सारांशांना) एथिक्स कमिटीची परवानगीच नव्हती, हे नेहमीच्या तपासणीत दिसलं, आणि तिथून सगळं उकलत गेलं. कमिटीचं पत्र हातात येण्याआधी एकही पेशंट घ्यायचा नाही, "पायलट म्हणून पाच घेतो" असंही नाही. कमिटीपुढे प्रोटोकॉल, केस रेकॉर्ड फॉर्म (प्रत्येक पेशंटच्या नोंदींचा कागद), सगळ्या भाषांमधला कन्सेंट (संमती) फॉर्म, खर्च कोण करणार आणि पेशंटला इजा झाली तर उपचार कोण देणार, हे सगळं ठेवा. आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमधला कन्सेंटचा भाग एकदा स्वतः वाचा, कुणाच्या पीपीटीवरून नको.

आणि ही गोष्ट बरेच जण विसरतात. डेक्समेडिटोमिडीन स्पायनलमधून देणं हा आपल्याकडे लेबलवर असलेला, म्हणजे मंजुरी मिळालेला, रूट नाही. २०१९ च्या नव्या औषध व क्लिनिकल ट्रायल नियमांत ॲकॅडेमिक ट्रायलसाठी वेगळी सोय आहे, म्हणजे मंजूर औषध नव्या रूटने किंवा नव्या कारणासाठी वापरून बघायचं असेल, हेतू मार्केटिंगचा नसेल आणि एथिक्स कमिटीने मान्यता दिली असेल तर केंद्राची वेगळी परवानगी लागत नाही. पण कमिटीला हे औषध लेबलबाहेर वापरतोय असं स्पष्ट लिहून सांगितलेलं हवं, आणि पेशंटलाही.

सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी फुकट आहे. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला पेशंट घेण्याआधीच ट्रायलची नोंद करावी लागते, नंतर केलेली चालत नाही. फॉर्म भरल्यावर क्वेरी येतात, उत्तरं द्यावी लागतात, यात काही आठवडे जातात, तेवढे हातात ठेवून सुरुवात करा. सिनॉप्सिस, कमिटीचं पत्र आणि सीटीआरआय या तिन्ही ठिकाणी प्रायमरी आउटकम शब्दशः एकच असू दे, जर्नलसाठी पेपर तपासणारा रिव्ह्यूअर सगळ्यात आधी तेच ताडून बघतो.

कन्सेंट

टेबलवर झोपवून, आयव्ही लावून, "इथे सही करा" हा कन्सेंट नाही. तो आदल्या दिवशी वॉर्डमध्ये, शक्यतो नातेवाइकासमोर आणि बसून घ्यायचा. सोलापुरात भाषेचा प्रश्न मोठा आहे, पूर्व भागातल्या घरांत तेलुगू, अक्कलकोट आणि इंडीकडून येणाऱ्यांची कन्नड, शिवाय उर्दू. मराठी फॉर्मवर अंगठा घेऊन मोकळं होता येत नाही. भाषांतर करून घ्या, आणि दुसऱ्या कुणाकडून ते परत मराठीत करून बघा, अर्थ कुठे सटकलाय ते लगेच कळतं. पेशंटला वाचता येत नसेल तर स्टडीशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, तुमचाच को-रेसिडेंट साक्षीदार म्हणून चालत नाही.

बोलायचं कसं, तर साधारण असं:

"मावशी, उद्या कमरेत इंजेक्शन तर द्यायचंच आहे. त्यात एक जादा औषध घातलं तर दुखणं जास्त वेळ थांबतं का, ते आम्ही बघतोय. कुणाला ते औषध मिळणार ते चिठ्ठीवर ठरतं, मी ठरवत नाही. त्या औषधाने नाडी जरा हळू होऊ शकते, तसं झालं तर त्यावरचं औषध आमच्या हाताशी असतं."

"आन् मी नको म्हनलं तर आपरेशन करनार का न्हाई ओ डॉक्टर?"

"करणार की! नको म्हणालात तरी ऑपरेशन उद्याच, डॉक्टर तेच, भूल तीच. मधेच वाटलं की नको, तरी सांगायचं, कुणी रागावणार नाही."

मावशींचा हा प्रश्न जवळपास प्रत्येक पेशंटच्या मनात असतो, फार थोडे तोंडाने विचारतात. म्हणून त्यांनी विचारायची वाट बघू नका, आपणच सांगायचं. आणि कुणी नाही म्हटलं तर तेही रजिस्टरमध्ये लिहा. किती जणांना विचारलं, किती जणांनी नाकारलं, किती निकषात बसले नाहीत, कन्सॉर्टच्या (ट्रायल कशी मांडायची याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या) फ्लो डायग्रामला हे आकडे लागतात, आणि नंतर आठवून ते सांगता येत नाहीत.

रँडमायझेशन, ब्लाइंडिंग आणि दोन युनिटची गोष्ट

रँडमायझेशन म्हणजे पेशंट कुठल्या ग्रुपला जाणार ते चिठ्ठीसारखं ठरवणं. एक आड एक पेशंट, सम-विषम आयपी नंबर (हॉस्पिटलात भरतीचा नंबर), सोमवारी हे औषध मंगळवारी ते, यातलं काहीच रँडम नाही, कारण पुढचा पेशंट कुठल्या ग्रुपचा ते आधीच कळतं. कॉम्प्युटरवरून यादी काढा, ती तुमच्याकडे न ठेवता स्टडीबाहेरच्या माणसाकडे द्या, आणि त्यांच्याकडून आरपार न दिसणारी, क्रमांक घातलेली बंद पाकिटं करून घ्या. पाकीट पेशंटचं नाव वरती लिहिल्यावरच उघडायचं. आणखी एक, साध्या रँडमायझेशनने ६० पेशंट वाटले तर बरोबर ३०-३० होण्याची शक्यता साधारण १० टक्केच असते. त्यामुळे थीसिसमध्ये समान ग्रुप दिसले आणि ब्लॉक रँडमायझेशनचा (छोट्या गटागटांत दोन्ही ग्रुप समान ठेवून वाटण्याचा) उल्लेखच नसला, तर वाचणाऱ्याला शंका येणं साहजिक आहे. ब्लॉक वापरले असतील तर तसं लिहा.

ब्लाइंडिंगसाठी (कुणाला कुठलं औषध ते कळू नये म्हणून) दोन्ही सिरिंजमधलं एकूण व्हॉल्यूम सारखंच हवं, आणि औषध भरणारा वेगळा, देऊन मोजणारा वेगळा. इथे एक बारकी गोष्ट जवळून बघा. डेक्समेडिटोमिडीनच्या १ मिलीत १०० मायक्रोग्रॅम असतात आणि आपल्याला ५ हवे असतात, म्हणजे ०.०५ मिली. ४० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर हे होतात २ युनिट, पण १०० युनिटच्या सिरिंजवर तेच ५ युनिट. ओटीच्या ट्रॉलीत दोन्ही प्रकारच्या सिरिंज असतात, नुसत्या झाकणाचा रंग वेगळा. घाईत सिरिंज बदलली की ४० युनिटच्या सिरिंजवर ५ युनिट काढले जातात, म्हणजे अडीच पट डोस. आणि बरोबर सिरिंज असली तरी दोन रेघांइतकं औषध काढताना हबमध्ये (सुई बसते त्या टोकात) किती राहिलं, बुडबुडा होता का, यावर डोस हलतो. त्यापेक्षा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाइनमध्ये आधी डायल्यूट करून ०.५ मिलीत ५ मायक्रोग्रॅम येईल असं ठरवा, कसं करायचं ते पायरीपायरीने लिहून ओटीत चिकटवा, आणि तेच मेथड्समध्ये लिहा. पेशंटच्या सुरक्षेसाठी तर हे हवंच, पण नाहीतर दोन ग्रुपमधला फरक औषधाचा की सिरिंजचा हेही सांगता येणार नाही.

डेटा

माझ्या मते थीसिस खरा की खोटा हे इथे ठरतं. केस रेकॉर्ड फॉर्म कागदावर, पेनाने, ओटीतच भरायचा, घरी जाऊन आठवून नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर नको. ज्याने मोजलं त्याचं नाव फॉर्मवर हवं. पेशंटचं नाव आणि आयपी नंबर एका वेगळ्या मास्टर लिस्टमध्ये, कुलपात, आणि एक्सेलमध्ये फक्त स्टडी नंबर. पेशंटच्या चार्टचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून "कुणीतरी एंट्री करा रे" हे बंद करा.

प्रोटोकॉल लिहितानाच ड्युटीचा विचार करा. दुपारी तीन वाजता ऑपरेशन संपलं आणि तुम्ही बारा तासांनी व्हीएएस (किती दुखतंय त्याचा आकडा) विचारणार म्हणून लिहिलंय, तर रात्री तीन वाजता वॉर्डमध्ये जाणार कोण? झोपलेल्या पेशंटला उठवणार का? नाही जमणार हे माहीत असेल तर तो पॉइंट ठेवूच नका. त्याऐवजी "पहिलं पेनकिलर कधी दिलं" हा आउटकम घ्या, ती वेळ नाइटच्या सिस्टर चार्टवर लिहितातच, फक्त त्यांना आधी भेटून सांगा की सिस्टर, अंदाजे नको, घड्याळ बघून लिहा. आणि त्यांचे आभार थीसिसमध्ये नावाने माना, त्यांचा डेटा आहे तो.

बनवलेले आकडे ओळखू येतात, कसे ते माहीत असलं तर खऱ्या डेटाची किंमत कळते. मॉनिटरच्या एनआयबीपीचे (कफने मोजलेल्या बीपीचे) शेवटचे अंक शून्यापासून नऊपर्यंत सगळे येतात, मनाने लिहिलेल्या बीपीत शून्य, पाच आणि सम अंकच जास्त दिसतात. खऱ्या डेटात रिकाम्या जागा असतात, कफ सुटतो, पेशंट डिस्चार्ज घेऊन जातो, कुणाचं स्पायनल अर्धवट बसतं. ६० पेशंटमध्ये एकही रिकामी जागा नाही आणि एकही फेल्युअर नाही, असं ओटीत होत नाही. इंग्लंडचे ॲनेस्थेटिस्ट जॉन कार्लाइल बेसलाइन टेबलवरून हेच बघतात, वय, वजन, उंची दोन्ही ग्रुपमध्ये योगायोगाने शक्य आहे त्यापेक्षा जास्त सारखी आहेत का. फुजींच्या पेपरवर त्यांनी हीच पद्धत वापरली होती. पुढे त्यांनी 'ॲनेस्थेशिया' जर्नलकडे आलेल्या ५२६ ट्रायल्स तपासल्या, त्यात ७३ मध्ये खोटा डेटा सापडला. पण ज्या १५३ ट्रायल्समध्ये प्रत्येक पेशंटची शीट बघायला मिळाली, त्यातल्या ६७ खोट्या निघाल्या, म्हणजे ४४ टक्के. नुसता पेपर वाचून जे दिसत नाही ते शीटमध्ये दिसतं, आणि म्हणून आता शीट मागणारी जर्नल्स आहेत.

रिकामी जागा रिकामीच ठेवा, शून्य भरू नका. शून्य व्हीएएस म्हणजे दुखत नाही, आणि न विचारलेला व्हीएएस म्हणजे माहीत नाही. पेशंटचं स्पायनल फेल जाऊन जीए दिला तरी त्याला शीटमधून उडवायचं नाही, तो ज्या ग्रुपला रँडमाइज झाला त्यातच मोजायचा. एंट्री झाली की मूळ फाइल लॉक करा, तारीख टाकून गाइडला मेल करा, आणि ॲनालिसिस कॉपीवर करा.

ॲनालिसिस

सिनॉप्सिसमध्ये लिहिलेली टेस्टच वापरा. दर पाच मिनिटांच्या प्रत्येक बीपीला, पल्सला वेगवेगळी पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) काढत बसलात तर २० टेस्टमध्ये निदान एक तरी खोटीच "सिग्निफिकंट" निघण्याची शक्यता ६४ टक्के असते, तेही टेस्ट एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर. प्रायमरी आउटकमची एक पी व्हॅल्यू आणि सोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल (फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो ती मर्यादा), बाकीचं वर्णन म्हणून द्या. फरक नाही निघाला तरी थीसिस पास होतो, परीक्षक तुमची पद्धत तपासतात, औषध जिंकलं का ते नाही. "सर, रिझल्ट नेगेटिव्ह आलाय, काय करू" म्हणून घाबरून येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की तसाच लिही.

लिहिणं, नावं, जर्नल

रिव्ह्यू ऑफ लिटरेचर कॉपी-पेस्ट करू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, पण शब्द फिरवून टक्का खाली आणणं म्हणजे स्वतः लिहिणं नव्हे. एआयकडून भाषा सुधारून घेतली तर तसं सांगा, आणि त्याने दिलेला प्रत्येक रेफरन्स उघडून बघा, कारण अस्तित्वातच नसलेले पेपर तो खात्रीने देतो.

लेखक कोण, याचे चार निकष मेडिकल जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने घालून दिलेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात मुद्द्याची सुधारणा करणं, शेवटच्या मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घेणं. चारही हवेत. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचं नाव घालायला सांगितलं जातं तेव्हा रेसिडेंटला नाही म्हणता येत नाही, हे मला कळतं. तेव्हा भांडू नका, असं म्हणा, "सर, जर्नल प्रत्येकाचं योगदान लिहून मागतंय, तुमच्या नावापुढे काय लिहू?" बऱ्याचदा एवढ्यावर विषय मिटतो, किंवा सर मसुदा मागवून घेतात आणि खरंच वाचतात, ते तर उत्तमच.

चार दिवसांत स्वीकारतो, फक्त फी भरा, असा मेल आला तर तिकडे जाऊ नका. जर्नल पबमेडवर (वैद्यकीय पेपरच्या ऑनलाइन सूचीत) दिसतं का, एडिटोरियल बोर्डवरचे लोक खरे आहेत का, ते तपासा. आयएसएचं (भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेचं) 'इंडियन जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया' आहे, तिथे रिव्ह्यू कडक असतो, नाकारलं तरी कमेंट वाचून खूप शिकायला मिळतं.

दुसऱ्याच्या डेटाची शंका आली तर

कुजबुज करू नका, ग्रुपवर लिहू नका. जे दिसलं तेवढंच तारखेनिशी कागदावर लिहा, त्यात अंदाज आणि आरोप नकोत. आधी स्वतःच्या गाइडशी बोला, तिथे उत्तर नाही मिळालं तर एथिक्स कमिटीच्या मेंबर सेक्रेटरींना लेखी द्या आणि पोच घ्या. तुमच्यावरच कुणी डेटा "नीट करायला" दबाव आणत असेल तरी रस्ता हाच, आणि लॉक केलेल्या फाइलचा तो जुना मेल तेव्हा तुमच्या बाजूने उभा राहतो.

पास झाल्यावर कागद रद्दीत देऊ नका. केस रेकॉर्ड फॉर्म, कन्सेंट, पाकिटं, मूळ एक्सेल हे सगळं डिपार्टमेंटच्या कपाटात, बॉक्सवर थीसिसचं नाव आणि वर्ष लिहून ठेवा, एक स्कॅन कॉपी गाइडकडे. मास्टर लिस्ट वेगळ्या पाकिटात सीलबंद. किल्ली कुणाकडे आहे ते रजिस्टरमध्ये लिहा, कारण रिव्ह्यूअरचा मेल येतो तेव्हा तुम्ही एव्हाना दुसऱ्या गावात बॉण्डवर (सक्तीच्या सरकारी सेवेत) असता.